गर्दीतला इलेक्ट्रॉन

सिलिकॉनवर काम करणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. त्यांच्या स्फटिकात त्रास देणारे अणू मुळात शंभरात पाचसुद्धा नसतात. सिलिकॉनच्या तीन स्थिर समस्थानिकांपैकी एकट्या २९ च्या केंद्रकाला स्पिन असतो, म्हणजे ते इवल्याशा चुंबकासारखं वागतं, आणि निसर्गात त्याचं प्रमाण ४.७ टक्के. २८ आणि ३० अगदी मुके. तेवढे पाच टक्केही नको असतील तर सेंट्रिफ्यूज लावून वेगळे काढता येतात. किलोग्रॅमची नवी व्याख्या ठरवण्याच्या कामासाठी सिलिकॉनचे जे चकचकीत गोळे घडवले, त्यांत २८ चं प्रमाण ९९.९९ टक्क्यांच्या वर नेलं होतं. अशा स्फटिकात स्पिनमध्ये माहिती साठवण्यासाठी एखादा इलेक्ट्रॉन ठेवला, की त्याच्या स्पिनकडे वाकड्या नजरेने बघणारं आसपास कोणी नाही.

आम्ही गॅलियम आर्सेनाइडवाले. आमच्याकडे ही सोय नाही. गॅलियमचे दोन समस्थानिक, ६९ आणि ७१. दोघांच्या केंद्रकाचा स्पिन ३/२. आर्सेनिकचा एकच, ७५, त्याचाही ३/२. त्यात इंडियम मिसळलं तर ११३ आणि ११५, दोघांचा ९/२, म्हणजे आगीतून फुफाट्यात. गाळणार काय? जो उरेल तोही तसलाच. आवर्तसारणीनेच दाराला कडी घातलेली.

मग हा पदार्थ सोडत का नाही? उजेडासाठी. सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन वरून खाली आला तरी सहसा प्रकाश देत नाही; संवेगाचा हिशोब जुळवायला त्याला स्फटिकाच्या कंपनांची मदत लागते. गॅलियम आर्सेनाइडमध्ये तो सरळ खाली येतो आणि फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, सोडतो. ज्याला एकेका फोटॉनशी देवाणघेवाण करायची आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या स्पिनमधली माहिती प्रकाशावर चढवून दूर पाठवायची आहे, त्याला हाच पदार्थ घ्यावा लागतो. आणि त्याच्याबरोबर केंद्रकांची गर्दीही. माझी तर अशी समजूत होत गेली आहे, की या शाखेत जे काही बघण्यासारखं घडलं, ते ही कडी उघडत नव्हती म्हणूनच घडलं.

हे सगळं मी बघितलं ते क्वांटम डॉटमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणाऱ्या नॅनोमीटर मापाच्या ठिपक्यात. क्वांटम डॉट म्हटलं की आता लोकांना टीव्हीची जाहिरात आठवते, नाहीतर २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल: एकिमॉव्ह, ब्रस आणि बावेंडी. ते डॉट काचेत किंवा द्रावणात वाढलेले. मी ज्यांच्या सोबतीने माझी पीएचडीची वर्षं काढली, ते वेगळ्या घराण्यातले. निर्वात भांड्यात गॅलियम आर्सेनाइडच्या चकतीवर इंडियम आर्सेनाइड बसवत जायचं, अणूंचा एकेक थर. इंडियम आर्सेनाइडच्या स्फटिकजाळीतलं अणूंमधलं अंतर सुमारे सात टक्क्यांनी जास्त. पहिले दीड-पावणेदोन थर ते अंग चोरून बसतं. मग ताण सोसवत नाही आणि पृष्ठभागावर आपोआप उंचवटे उठतात, वीस-तीस नॅनोमीटर रुंद, पाचेक नॅनोमीटर उंच. वरून पुन्हा गॅलियम आर्सेनाइड टाकून ते गाडून टाकले की झाले डॉट. कुठला कुठे उगवेल ते आपल्या हातात नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचा, आवडला तर त्याच्याशी महिनोन्‌महिने संसार करायचा.

या उंचवट्यात एक इलेक्ट्रॉन अडकवता येतो. तिथे तो कुठल्या एका अणूचा राहत नाही. त्याची लाट सगळ्या उंचवट्यावर पसरते आणि एकाच वेळी दहा हजार ते लाखभर केंद्रकांना स्पर्श करते. स्पर्श हा शब्द इथे जवळजवळ शब्दशः खरा आहे. वहन पट्ट्यातल्या, म्हणजे अणूंपासून मोकळ्या झालेल्या, इलेक्ट्रॉनची लाट केंद्रकाच्या जागीही शून्य नसते, आणि तिथल्या त्या हजेरीमुळेच दोघांचे स्पिन एकमेकांना जाणवतात. फर्मीने १९३० मध्येच ही संपर्कक्रिया मांडली होती. त्याच डॉटमध्ये इलेक्ट्रॉनऐवजी होल, म्हणजे धन कणासारखी वागणारी इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, ठेवला तर त्याची लाट नेमकी केंद्रकापाशी शून्य होते, म्हणून त्याला या गर्दीची झळ सुमारे दसपटीने कमी लागते. होल वापरा असं सुचवणारा एक पंथ आहे. मी त्यातला नाही.

आता आकडे. गॅलियम आर्सेनाइडमधली सगळी केंद्रकं एका दिशेला वळली, तर इलेक्ट्रॉनला पाच टेस्लाहून थोडं जास्त चुंबकीय क्षेत्र असल्यासारखं वाटेल. प्रत्यक्षात ती वाटेल तशी वळलेली असतात आणि बहुतेकांचा परिणाम एकमेकांत फिटतो. पण पुरता फिटत नाही. लाखभर नाणी उडवली तर छापा आणि काटा बरोबर निम्मे-निम्मे पडत नाहीत, वर्गमुळाइतका फरक उरतो. तसा इथे दहा-वीस मिलिटेस्लाचा उरतो. एवढंसं क्षेत्र, पण दर वेळी वेगळ्या दिशेचं आणि वेगळ्या मापाचं. इलेक्ट्रॉनचा स्पिन त्याभोवती गिरकी घेतो आणि एक-दोन नॅनोसेकंदांत आपण त्याला कुठे तोंड करून उभं केलं होतं ते सांगता येईनासं होतं. मर्कुलोव्ह, एफ्रॉस आणि रोझेन यांनी २००२ मध्ये हा हिशोब नीट मांडला. त्याच वर्षी खायेत्स्की, लॉस आणि ग्लाझमन यांचाही आला. स्पिनवर संगणक उभारायचं स्वप्न लॉस आणि डिव्हिन्सेंझो यांनी १९९८ मध्ये मांडलं होतं. चार वर्षांत त्याच्यासमोर हे बिल येऊन पडलं.

मग थंड करा ना, असं कोणीही म्हणेल. आम्ही करतोच. डॉट द्रव हेलियमच्या तापमानाला असतो, चार केल्विन. इलेक्ट्रॉनला तेवढं पुरतं. केंद्रकाचं चुंबकत्व मात्र हजार पटीने दुबळं. पाच टेस्लाच्या क्षेत्रात आर्सेनिकच्या केंद्रकाला वळवायला जी ऊर्जा लागते, ती तापमानात मोजली तर दोन मिलिकेल्विनही भरत नाही. त्याच्या लेखी चार केल्विन म्हणजे भट्टीच. एवढ्या थंडीत आणि एवढ्या क्षेत्रातही एका दिशेचा कल हजारात एकाइतकाही नसतो.

आईच्या गुडघ्याचा एमआरआय काढला होता तेव्हा मी तिला हेच समजावत होतो. तिथे हायड्रोजनची केंद्रकं, दीड टेस्लाचं यंत्र आणि शरीराचं तापमान. कल दहा लाखांत पाचेकाचा. आई म्हणाली, "म्हणजे दहा लाखांतले पाच जण शहाणे, तेवढ्यावर डॉक्टर फोटो काढतात?" म्हटलं, हो. "आणि तुझ्याकडे?" माझ्याकडे एकंदरीत लाखभरच आहेत, मी म्हणालो. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मग तुझ्याकडे एकही नाही रे." एमआरआयच्या प्रमाणाने गणित बरोबर होतं.

निव्वळ थंडीने जे जमत नाही ते दुसऱ्या वाटेने जमतं, हे पहिल्यांदा अल्बर्ट ओव्हरहाउझर यांना सुचलं. १९५३ चा एप्रिल, वॉशिंग्टनला अमेरिकन फिजिकल सोसायटीची बैठक. सत्तावीस वर्षांचा, इलिनॉय विद्यापीठातला पोस्टडॉक, म्हणजे नुकता पीएचडी झालेला संशोधक, दहा मिनिटं बोलला. म्हणणं असं: धातूतल्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन मायक्रोवेव्हने पार विस्कटून टाका, केंद्रकांचे स्पिन आपोआप शिस्तीत येतील आणि तेही नेहमीच्या हजार पटींच्या घरात. समोर ब्लॉख, राबी, रॅम्झी अशी या विषयातली दिग्गज माणसं बसलेली. कोणालाही पटलं नाही. पटावं तरी कसं? एका भांड्यातलं पाणी उकळवा म्हणजे शेजारच्याचा बर्फ होईल, असलंच काहीतरी तो सांगत होता.

पण युक्तिवादाची मेख उष्णतेत नव्हती, देवाणघेवाणीत होती. इलेक्ट्रॉन आणि केंद्रक स्पिन बदलतात ते एकमेकांत. एक वरचा खाली आला तर दुसरा खालचा वर जातो, बेरीज मोडत नाही. मायक्रोवेव्ह इलेक्ट्रॉनला जबरदस्तीने वर नेतो. तो आपल्या स्वभावाप्रमाणे खाली यायला बघतो. आणि खाली येताना बऱ्याचदा केंद्रकाला उलटवूनच येतो. ऊर्जेत जो फरक पडतो तो स्फटिक सोसतो. इलेक्ट्रॉनांना सतत ढोसत राहिलं तर केंद्रकं सतत एकाच बाजूला लोटली जातात. इलिनॉयमध्येच स्लिक्टर आणि कार्व्हर यांनी त्याच वर्षी लिथियमवर प्रयोग करून दाखवलं. आणि रॅम्झी यांनी मोठ्या मनाने ओव्हरहाउझरना पत्र लिहिलं, की तुमच्या मांडणीत चूक सापडावी म्हणून मी पुष्कळ धडपडलो, सापडली नाही. आपल्याकडच्या चर्चासत्रांत बसलो की मला हे पत्र हमखास आठवतं.

मायक्रोवेव्हच्या जागी प्रकाश वापरायची कल्पना पुढची. अणूंचे स्पिन प्रकाशाने वळवण्याबद्दल कास्लर यांना १९६६ चं नोबेल मिळालं होतं. १९६८ मध्ये फ्रान्समध्ये लाँपेल यांनी वर्तुळाकार ध्रुवित, म्हणजे मळसूत्रासारखा फिरत जाणारा, प्रकाश टाकून स्फटिकातली केंद्रकं वळवून दाखवली. स्फटिक कसला, तर सिलिकॉनचा. तिथेही हेच पुढे. मग सत्तरच्या दशकात लेनिनग्राडच्या योफे संस्थेतल्या मंडळींनी हा विषय गॅलियम आर्सेनाइडमध्ये इतका खोल नेला, की पुढच्या पिढीला पुष्कळदा जुनेच निष्कर्ष नव्याने सापडत राहिले. १९९७ च्या सुमारास वॉशिंग्टनच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीत गॅमन आणि सहकाऱ्यांनी एकाच डॉटमधल्या केंद्रकांचा चुंबकीय अनुनाद प्रकाशातून वाचला. आईच्या एमआरआयचाच भाऊबंद, पण पंचवीस नॅनोमीटरच्या आतला.

हे सगळं मी वाचलेलं होतं. तरी जे डोळ्यांनी पाहिलं त्याची तयारी वाचनाने झाली नव्हती.

आमचा नेहमीचा प्रयोग तसा कंटाळवाणा. डॉटवर अवरक्त लेझर सोडायचा, साधारण ९५० नॅनोमीटरचा, त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही. त्याची वारंवारिता हळूहळू पुढे सरकवत न्यायची आणि डॉट किती फोटॉन परत देतो ते मोजत राहायचं. डॉटच्या वारंवारितेपाशी लेझर आला की पडद्यावर एक अरुंद, निमुळतं शिखर उठतं आणि पुढे गेला की बसतं. ते शिखर म्हणजे डॉटची सही. त्या दिवशी चुंबकीय क्षेत्र चढवलेलं होतं. शिखर उठलं आणि उतरायचं नावच घेईना. लेझर पुढे, पुढे, आणखी पुढे. सिग्नल तितकाच, टेबलासारखा सपाट. शिखराच्या स्वतःच्या रुंदीच्या कितीतरी पट पुढे गेल्यावर तो एकदम कोसळला. उलट्या दिशेने लेझर आणला तर कोसळायची जागा तिसरीकडेच.

अशा वेळी कोणत्याही लॅबमध्ये पहिला संशय यंत्रावर जातो. लेझरची वारंवारिता सरकवणारा पिएझो स्फटिक, नमुन्याचं सरकणं, कोणीतरी दार आपटलं का, हे सगळं तपासायचं असतं आणि आम्ही ते तपासलं. आमच्या ग्रुपमधली एक जुनी पोस्टडॉक कॉफीचा मग घेऊन आली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लेझर ठीक आहे. डॉट तुझ्या मागे येतोय."

खरंच येत होता. लेझर डॉटला उत्तेजित करतो, त्या धामधुमीत इलेक्ट्रॉन अधूनमधून एखादं केंद्रक उलटवतो, उलटलेल्या केंद्रकांमुळे इलेक्ट्रॉनला जाणवणारं क्षेत्र बदलतं, आणि त्या क्षेत्रामुळे डॉटची वारंवारिता सरकते. कुठे सरकते? लेझर आहे तिकडेच. लेझर पुढे गेला की केंद्रकं पुन्हा थोडी वळतात आणि डॉटला ओढून त्याच्या खाली आणून ठेवतात. त्यांची वळायची ताकद संपली की दोरी तुटते, आणि सिग्नल कोसळतो तो तेव्हा. झुरिकच्या ईटीएचमध्ये इमामोग्लू यांच्या ग्रुपने २००९ मध्ये ही ओढाओढ नीट मांडली होती. त्याच वर्षी मिशिगनमध्ये स्टील यांच्या ग्रुपने दोन लेझर वापरून केंद्रकांचं क्षेत्र जागच्या जागी जखडून दाखवलं. गंमत म्हणजे चुंबकीय क्षेत्रात डॉटचं ते शिखर दोन रेषांत दुभंगतं, आणि त्यांतली वरच्या ऊर्जेची रेषा लेझरला चिकटते, तर खालची त्याला टाळते. लेझर जवळ आला की ती बाजूला होते. एकाच डॉटची दोन तोंडं, एक लाडात आलेलं आणि एक रुसलेलं.

हे ऐकलं की कोणीतरी लगेच म्हणतं: बघणाऱ्यामुळे बघितलेलं बदलतं, हायझेनबर्ग! नाही. त्याचा इथे काही संबंध नाही. हायझेनबर्गचं अनिश्चिततेचं प्रकरण एका मोजमापाच्या पोटातलं आहे, त्यातून सुटका नाही. इथे चाललंय ते सावकाश, सेकंदांच्या हिशोबाने, आणि आधीच्या मोजमापाचा परिणाम पुढच्यावर होतोय. केंद्रकांना आठवण आहे, एवढंच. डॉटमधून इलेक्ट्रॉन काढून घेतला तर ती तासन्‌तास टिकते. सकाळी केलेल्या प्रयोगाचे ठसे दुपारच्या प्रयोगात निघायचे. म्हणून नव्या मोजमापाआधी जुनं पुसायची एक पद्धतच लॅबमध्ये बसवलेली होती. मला मात्र ते पुसताना चुटपुट लागायची. कारण ज्याला आम्ही शोधनिबंधांच्या प्रस्तावनेत गोंगाट म्हणत होतो, ते प्रत्यक्षात आमचं म्हणणं लिहून ठेवत होतं.

जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा प्रयोग मला या सगळ्यात अधिक सुंदर वाटतो. ग्रायलिश, बायर आणि मंडळी एका डॉटवर नाही, लाखो डॉटवर एकदम काम करत होती. प्रत्येक डॉट थोडा निराळा, त्यामुळे प्रत्येकातल्या इलेक्ट्रॉनचा गिरकीचा वेगही निराळा. त्यांचा लेझर दर १३.२ नॅनोसेकंदांनी एक झटका द्यायचा. ज्या इलेक्ट्रॉनच्या या काळात बरोबर पूर्ण गिरक्या बसतात, तो दर झटक्याला त्याच स्थितीत असतो आणि लेझरकडून उत्तेजित होत नाही. ज्याच्या बसत नाहीत तो दर वेळी सापडतो. २००६ मध्ये त्यांनी एवढं दाखवलं, की वेळेत बसणारे इलेक्ट्रॉन एका तालात चालतात. २००७ मध्ये लक्षात आलं, की वेळेत न बसणारे जवळजवळ उरलेलेच नाहीत.

आठच्या सुमाराची विरार लोकल डोळ्यांसमोर आणा. दर स्टेशनला दार उघडलं की रेटा येतो. ज्याच्यापर्यंत रेटा पोचत नाही तो हलत नाही. ज्याला बसतो तो थोडा इकडे, थोडा तिकडे ढकलला जातो, आणि असा ढकलला जात जात कधीतरी रेटा न पोचणाऱ्या कोपऱ्यात येऊन पडतो. मग तोही हलत नाही. बोरिवली येईपर्यंत डब्यातले सगळे अशा जागी असतात. कोणी हुकूम दिलेला नसतो. डॉटमध्ये हेच झालं. इलेक्ट्रॉन उत्तेजित झाला की केंद्रकं हलतात, हलली की इलेक्ट्रॉनचा वेग बदलतो. वेग एकदा लेझरच्या वेळापत्रकात बसला की इलेक्ट्रॉन अंधारात जातो आणि केंद्रकं आहेत तिथे गोठतात. लेझर बंद करून अर्ध्या तासाने चालू केला तरी ती मांडणी बरीचशी शाबूत होती. वेगवेगळ्या मापाच्या लाखो डॉटना, त्यांच्याच पोटातल्या गोंगाटाने, एका तालात आणून बसवलं.

माझ्या मते या विषयाने इथे कूस बदलली. त्याआधीचा सगळा रोख केंद्रकांपासून इलेक्ट्रॉनला वाचवण्यावर होता. ते कामही थांबलं नाही, थांबवून चालणारही नव्हतं. १९५० मध्ये एर्विन हान यांनी शोधलेली प्रतिध्वनीची युक्ती आहे: निम्म्या वाटेत स्पिन उलटा करायचा, म्हणजे आधीच्या निम्म्यात झालेली चूक पुढच्या निम्म्यात फिटते. २०१० मध्ये स्टॅनफर्डला यामामोतो यांच्या ग्रुपने ही उलटापालट काही पिकोसेकंदांच्या लेझर झटक्यांनी केली आणि नॅनोसेकंदांत विरणारी स्मृती २.६ मायक्रोसेकंदांवर नेली. हजारपट वाढ. पण पुढे गाडी अडली, कारण ही युक्ती आजूबाजूचं क्षेत्र स्थिर असलं तरच चालते, आणि मायक्रोसेकंदांत केंद्रकं स्थिर राहत नव्हती.

त्यामागचं कारण डॉटच्या जन्मातच होतं. स्पिन अर्ध्याहून मोठा असलेलं केंद्रक विद्युतभाराच्या दृष्टीने गोल नसतं. जाळी ताणलेली असेल तर त्याला पीळ बसतो. सात टक्के विसंगतीतून उठलेल्या उंचवट्यात तो ताण जागोजागी वेगळा. म्हणजे ज्या ताणामुळे डॉट झाला त्याच ताणाने प्रत्येक केंद्रकाची चाल वेगळी केली आणि इलेक्ट्रॉनला जाणवणारं क्षेत्र हलतं ठेवलं. पण ताणाची बाजूही ऐकायला हवी. चाली वेगळ्या असल्यामुळे शेजारशेजारची केंद्रकं आपसात स्पिन बदलू शकत नाहीत, आणि म्हणून त्यांची स्वतःची स्मृती मिलिसेकंदांपर्यंत टिकते. घरच्यांना त्रास आणि शेजाऱ्यांशी अबोला.

उपाय म्हणून डॉटच बदलला. अल्युमिनियमचे थेंब पृष्ठभागावर टाकले तर ते खाली खळगे कोरतात. त्या खळग्यांत गॅलियम आर्सेनाइड भरायचं. आजूबाजूच्या पदार्थाची जाळी जवळजवळ त्याच मापाची असल्याने ताण नगण्य. ऑस्ट्रियात लिंत्झला रास्तेल्ली यांचा ग्रुप असले डॉट फार निगुतीने करतो. केंब्रिजच्या आतात्युरे यांच्या ग्रुपने २०२३ मध्ये अशा डॉटमध्ये उलटापालटीची मालिका लावून इलेक्ट्रॉनची स्मृती ०.११ मिलिसेकंदांवर नेली. केंद्रकं तीच, गर्दी तेवढीच. ती एका चालीने चालायला लागली आणि तेवढ्याने फरक पडला.

मग त्या गर्दीतच काही ठेवून बघावं, हा विचार आपसूक येणारच. केंब्रिजच्या ग्रुपने त्याची सुरुवात ताणलेल्या जुन्या डॉटवरच २०१९ मध्ये केली होती. आधी गर्दी शांत करायची. इलेक्ट्रॉनलाच पहारेकरी नेमून, केंद्रकांचं क्षेत्र ठरलेल्या मापापासून ढळलं की लेझरच्या मदतीने ते परत ढकलायचं. डॉट थंड ठेवणारं भांडं, क्रायोस्टॅट, चार केल्विनला असताना केंद्रकांचं प्रभावी तापमान अशाने मिलिकेल्विनच्याही खाली गेलं. मग इलेक्ट्रॉनला लेझरने अशा गतीने झुलवायचं, की ती गती केंद्रकांच्या गिरकीशी जुळेल. हार्टमान आणि हान यांची १९६२ ची जुनी युक्ती. गती जुळली की इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा एक घास गर्दीत जातो. एक केंद्रक उलटतं. कुठलं, ते ठरलेलं नसतं. हजारो केंद्रकांच्या एकत्रित स्थितीत ते एक उलटणं सगळ्यांचं मिळून असतं. त्याला मॅग्नॉन म्हणतात. सगळ्यांचं असल्यामुळे त्याची इलेक्ट्रॉनशी जवळीक एकट्या केंद्रकापेक्षा संख्येच्या वर्गमुळाइतक्या पटीने वाढते. दोन दशकं ज्या वर्गमुळाने इलेक्ट्रॉनची स्मृती खाल्ली, तेच इथे कामाला आलं. मला त्यांचा हा शोधनिबंध पहिल्यांदा वाचताना त्या ओळीपाशी थांबावंसं वाटलं होतं.

पुढे २०२५ मध्ये ताण नसलेल्या डॉटमध्ये त्यांनी सुमारे १३,००० केंद्रकांची नोंदवही करून दाखवली. इलेक्ट्रॉनची स्थिती गर्दीत ठेवायची, काही वेळाने परत काढायची. परत मिळालेली स्थिती मूळच्या स्थितीशी ६९ टक्के जुळली, आणि ती टिकायची १३० मायक्रोसेकंद. बातम्यांत याला क्वांटम इंटरनेटची पायाभरणी वगैरे म्हटलं गेलं. जरा दमानं घ्यावं. १३० मायक्रोसेकंदांत फायबरमधून प्रकाश सव्वीसेक किलोमीटर जातो. दोन शहरांमध्ये निरोप जाऊन पोच मिळेपर्यंत एवढ्यात भागत नाही. आणि नुसतं अंदाजाने सांगितलं तरी निम्मं जुळतंच, तेव्हा ६९ म्हणजे फर्स्ट क्लास नव्हे. तरीही मला हा प्रयोग मोठा वाटतो, कारण ज्या केंद्रकांना काढून टाकायचा मार्गच नव्हता, त्यांच्यात काहीतरी ठेवलं आणि ते परत मिळालं.

मला विचाराल तर पुढचा प्रयोग इलेक्ट्रॉनला बाहेर काढण्याचा. गर्दीत निरोप ठेवून झाला, की तिथे इलेक्ट्रॉनचंच काम नसतं. उलट तो मध्ये बसून दूरदूरच्या केंद्रकांना एकमेकांशी बोलायला लावतो आणि ठेवलेलं विस्कटतो. तो नसताना केंद्रकांची स्मृती जास्त टिकते हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. डॉटला जोडलेल्या इलेक्ट्रोडचं व्होल्टेज बदललं की तो निघून जातो. नेमका कोणत्या क्षणी गेला ते आपल्याला कळत नाही, पण एकेका केंद्रकावर त्याचा परिणाम फार तर मेगाहर्ट्झच्या आसपासचा, त्यामुळे जाण्याच्या वेळेत नॅनोसेकंदभर इकडेतिकडे झालं तरी विशेष बिघडू नये. अडचण परत आणताना आहे. येणारा इलेक्ट्रॉन नवा, त्याचा स्पिन वाटेल तसा. त्याला लेझरने सरळ उभं करावं लागणार, आणि लेझर लावला की केंद्रकं हलायला लागतात.